कंडक्टरकाकांची चूक

काका आधी डोळे मिटायचे. मग उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासायचे, तिकिटांच्या गठ्ठ्यातून एक पान सुटं करावं तसं. आणि डोळे न उघडताच म्हणायचे, "कुठं चढला ते सांग. कुठं उतरला ते मी सांगतो."

आमच्या गावात काही हरवलं, चोरीला गेलं, कोणी न सांगता निघून गेलं, की लोक पोलिसांकडे नंतर जात. आधी एसटी स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकाकडे येत. तिथे काका बसलेले असत. तेहतीस वर्षं कंडक्टर म्हणून काढली, निवृत्त झाले, पण पहिली गाडी यायच्या वेळेला स्टँडवर यायची सवय काही सुटली नाही. पांढरा सदरा, खिशाला निळं पेन, पायाशी पाण्याची बाटली. कोणती गाडी किती उशिरा आली, तिच्यात कोण चढलं, हातात काय होतं, चेहरा कसा होता, हे सगळं ते पाहत. लिहून काही ठेवत नसत. सारं डोक्यात.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. आपण त्याला रिकामटेकडा म्हणतो, आणि अडचण आली की त्याच्याच शेजारी जाऊन बसतो.

आमचं गाव दुसरबीड आणि साखरखेर्ड्याच्या मधल्या पट्ट्यात. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. काकांशी माझी ओळख झाली ती शाळेच्या घंटेमुळे. चांगली जाड पितळी घंटा, एका सकाळी नुसती साखळी लोंबत राहिली. मुख्याध्यापक म्हणाले, तक्रार नको, शाळेचं नाव जातं. मी आपला सहज स्टँडवर गेलो आणि बोललो.

काकांनी डोळे मिटले. अंगठा बोटावर फिरला.

"सर, जड पिशवी मानूस वरच्या फळीवर ठेवत नाही. पायाशी बी नाही. मांडीवर घेऊन बसते, लेकरावानी. आज सकाळच्या साखरखेर्डा गाडीत तसा एक जन होता."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच साखरखेर्ड्याला गेले आणि संध्याकाळच्या गाडीने गोणपाटात गुंडाळलेली घंटा घेऊन आले. भंगारवाल्याशी काय बोलले, कुणास ठाऊक. मी विचारलं, "काका, चोर कोण?"

"तुमाले घंटा पाहिजे होती का चोर?"

"घंटा."

"मग टांगा न. कोनाच्या अंगावर आळ आला नाही, कोनाचं काही गेलं नाही. त्याचं नाव घेऊन काय करता?"

हे त्यांचं तत्त्व होतं. गावात त्यांनी किती गोष्टी शोधल्या असतील, पण चोर कुणाला दाखवला नाही. वस्तू परत यायची, माणूस परत यायचा, आणि काका बाकावर येऊन बसायचे.

एकदा गावातली नवी नवरी माहेराहून आली. सासरी बॅग उघडली तर आत तीन धोतरं, एक पंचा आणि बुक्क्याची पुडी. सासूने कपाळावर हात मारला. नवरी रडायला लागली. नवरदेव धावत स्टँडवर. काकांनी पुडीचा वास घेतला आणि हसायलाच लागले. "अरे, हे कीर्तनकार महाराज हायेत. दुसरबीडले तुमी उतरले, ते पुढं गेले. अमडापूरले सप्ताह हाय न." महाराजांकडे बॅग होतीच. त्यांनी ती एकदा उघडली होती, वरची जरीची साडी पाहून लगेच बंद केली होती, आणि कुणाला सांगायची लाज वाटली म्हणून दोन दिवस एकाच धोतरावर कीर्तन केलं होतं. ही गोष्ट काका दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत.

काका बौद्ध वस्तीत राहत. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन चिखलीला. गावात त्यांना मान होता. पाटलांच्या ओट्यावर त्यांना खुर्ची मिळायची. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ती खुर्ची किती पातळ लाकडाची होती, हे पुढे सगळ्यांना दिसलं.

एका हिवाळ्यात गावात तीन सोयरिका मोडल्या.

तिन्ही वेळा सारखंच. साखरपुडा झालेला, तारीख ठरलेली. मग मुलाच्या घरी पोस्टाने एक पत्र जायचं. संगणकावर टाईप केलेलं, खाली नाव नाही. पहिल्या मुलीला फिट येते. दुसरीचं कॉलेजात एकाशी होतं. तिसरीच्या आईच्या घराण्यात कोड आहे. यातलं काहीच खरं नव्हतं. पण मुलाकडचे लोक खरं-खोटं करत बसत नाहीत. ते पत्र मुलीच्या बापाच्या हातात ठेवायचे आणि हात जोडायचे. आजकाल मोबाईलवरून काही पाठवलं की नंबर दिसतो. पाकिटावर काही दिसत नाही.

तिसरी मुलगी माझी विद्यार्थिनी होती. तिने उंदराचं औषध घेतलं. वाचली. पण गाव पेटलं.

संशय घ्यायला गावाला फार लांब जावं लागलं नाही. स्टँडसमोरच्या गाळ्यात प्रज्ञा नावाची मुलगी झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवायची. बौद्ध वस्तीतलीच. चिखलीला कोर्स करून आलेली, हुशार, बोलायला चटपटीत. सातबाराचे अर्ज, दाखले, लग्नपत्रिका, सगळं तिच्याकडे. लोकांनी हिशोब मांडला. पत्र संगणकावरचं, संगणक हिचा. पत्रिकेचा मजकूर हिच्याकडे येतो, म्हणजे मुलाकडचे पत्ते हिलाच माहीत. झालं. गावात आणखी चार घरी संगणक होते, एक माझ्याही घरी होता, पण त्यांचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

दुकानाच्या पाटीवर शेण मारलं गेलं. गिऱ्हाईक बंद झालं. गाळामालकाने महिनाअखेर जागा सोड म्हणून सांगितलं. पोरगी तरी रोज सकाळी शटर उघडून बसायची. कोणी येत नसे. ती पाटी पुसायची आणि बसून राहायची.

काका समोरच्या बाकावरून हे पाहत होते. चौथ्या दिवशी उठले, तिन्ही मुलींच्या बापांकडे गेले आणि पत्रं पाकिटांसकट मागून आणली. मग ती घेऊन माझ्या घरी आले.

"सर, तुमी भाषेचे मानूस. वाचून पहा बरं, कोनाची बोली वाटते."

मी पहिलं पत्र उलगडलं. भाषा पाहायची वेळच आली नाही. कागदाच्या उजव्या कडेला वरून खालपर्यंत एक बारीक राखाडी रेघ होती. ती रेघ मला ओळखीची होती. माझ्या घरच्या प्रिंटरची. माझ्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर ती उमटायची.

आणि प्रश्नपत्रिका टाईप करायची अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो, अक्का वीसची. तिनेच मला वाढवलं. माझ्या नोकरीनंतर, माझी नजर कमी झाली म्हणून, तिने पंचेचाळिशीत संगणक शिकून घेतला. तिचं लग्न झालं नाही. जमलं होतं एकदा, मोडलं. माझी बायको तिच्या माहेरी बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे त्या दिवशी घरात आम्ही दोघंच होतो.

अक्का चहा घेऊन आली. काकांनी कप घेतला, नेहमीसारखी चौकशी केली.

"ताई, गुडघे कसे हायेत? मेहकरचा डॉक्टर बरा म्हनतात."

"हाव. बरा आहे."

"त्या सोमवारी तुमी सकाळच्याच गाडीनं गेल्या होत्या. मंग चिखलीले गेल्या, मावशीच्या दुखवट्याले. अन् देऊळगाव राजाले बालाजीच्या दर्शनाले. तिन्ही वेळा खिडकीपाशी जागा भेटली, ते बरं झालं."

अक्काने माझा कप ताटलीतून उतरवलाच नाही. ती आत गेली.

काकांनी तिन्ही पाकिटं टेबलावर ओळीने मांडली. पोस्टाचे शिक्के वर. मेहकर, चिखली, देऊळगाव राजा. आणि तारखा.

"प्रज्ञा या तिन्ही दिवशी दुकानात होती, सर. मी समोरच बसेल होतो. जेवाले बी घरी गेली नाही ते." जरा थांबून म्हणाले, "मी काही म्हनत नाही. तुमी म्हना. तुमच्या तोंडून निघालं त ताईची लाज जरा तरी राहीन. सोमवारी बैठक हाय."

मी म्हटलं, "काका, घंटेच्या वेळी तुम्ही नाव घेतलं नव्हतं."

"तवा कोनाच्या डोक्यावर पाप बसेल नव्हतं, सर. आता बसेल हाय. त्या पोरीच्या."

ते चहा पूर्ण पिऊन गेले. कप स्वतः उचलून ओट्यावर ठेवला.

अक्काने नाकारलं नाही. चुलीपुढे बसावं तशी ती गॅससमोर पाटावर बसली होती.

"काऊन केलं अक्का?"

"त्या तिन्ही साखरपुड्यांत मी पोळ्या लाटायले होती," ती म्हणाली. "सकाळपासून. अन् ओटी भरायची वेळ आली का, अक्का, तू जरा मागं बस. तिन्ही घरी. जशी मी विधवा हाय."

"म्हणून पोरींचे संसार मोडायचे?"

"माझा मोडला तवा असंच पत्र आलं होतं. मले वेडाचे झटके येतात म्हनून. तुले काय आठवते, तू लहान होता. तवा कोणी शोधलं का रे? तुह्या त्या कंडक्टरनं शोधलं? कोनी बैठक बसवली?"

तिच्या तोंडावर पश्चात्ताप नव्हता. भीतीही नव्हती. मग एकाएकी तिने माझा हात धरला आणि भीती आली. "मले गावात तोंड दाखवता येनार नाही. मी विहीर पाहीन, सांगून ठेवतो तुले."

आमच्याकडे बाया स्वतःबद्दल बोलतानाही कधी 'सांगतो', 'करतो' म्हणतात. त्या क्षणी मात्र मला वाटलं, हे माझ्याच तोंडचं वाक्य ती म्हणते आहे.

सोमवारी दुपारी ग्रामपंचायतीसमोर लोक जमले. प्रज्ञा आईला घेऊन आली होती. आई शेतमजूर, त्या दिवशीचं काम सोडून आलेली, लुगड्याचा पदर तोंडात धरून उभी. सरपंचांनी विषय काढला. चार जण बोलले. मग काका उभे राहिले.

"पत्रं या पोरीनं टाकली नाही. ज्या दिवशी पत्रं टाकली, त्या तिन्ही दिवशी ही दुकान सोडून हलली नाही. मी सोता पाह्यलं."

"मग कोनं टाकली?" पहिल्या मुलीचा बाप ओरडला. "तुमाले सगळं दिसते न? सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ. रागाने नाही. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर मागच्या दाराकडे पाहतो, अजून कोणी यायचं आहे का म्हणून, तसं.

"ज्यानं सांगाचं, ते सांगतीन," ते म्हणाले.

मी माझ्या चपलांकडे पाहत होतो. डाव्या चपलेचा अंगठा सुटत आला होता. तेवढंच मला दिसत होतं.

मागून कोणीतरी बोललं, "समजलं, समजलं. आपल्यातल्या पोरीले वाचवून राह्यले."

आणि लोक हसले. माझ्या ओळखीचे लोक. काकांनी ज्यांच्या शेळ्या शोधल्या, सुना आणून दिल्या, कागद मिळवून दिले, ते लोक. इतकी वर्षं ज्याला काका म्हटलं, तो माणूस एका वाक्यात गावाचा राहिला नाही, 'त्यांच्यातला' झाला.

सरपंच माझ्याकडे वळले. "सर, काका पत्रं घेऊन तुमच्याकडं आले होते म्हनतात. तुमचं काय मत? तुमी शिकलेले मानूस."

मी उभा राहिलो. अक्काने विहिरीचं म्हटलं नसतं तर मी खरं बोललो असतो का? या प्रश्नाशी मी अनेक वर्षं बसलो आहे. मला वाटतं, नसतो बोललो. मला माझीही लाज वाचवायची होती. सरांच्या घरून, सरांच्या प्रिंटरवरून.

मी म्हणालो, "काकांचं वय झालं आहे. पाहण्यात चूक होऊ शकते."

एवढंच. आठच शब्द.

काकांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. सगळ्यांना वाटलं आता ते बोलतील. मलाही वाटलं. त्यांच्या खिशात ती पाकिटं होती, मला त्यांच्या कडा दिसत होत्या. पण त्यांनी नाव घेतलं नाही.

"हाव," ते म्हणाले. "झाली खरी चूक. मानूस पाह्यन्यात."

आणि प्रज्ञाच्या आईला म्हणाले, "चाल बाई."

दहा दिवसांत दुकान उठलं. मशीन, टेबल, दोन खुर्च्या एका छोट्या टेम्पोत मावल्या. गावातल्या कोणी हात लावला नाही. काकांनी सगळं बांधून दिलं आणि टेम्पोत तिच्या शेजारी बसून चिखलीपर्यंत गेले. त्यानंतर पत्रं आली नाहीत, तेव्हा गावाची खात्रीच पटली. पाहा, पोरगी गेली आणि पत्रं थांबली.

काका परत आले, पण बाकावर बसेनात. लोक निर्लज्ज असतात. महिन्याभराने कोणाची तरी म्हैस हरवली, तो त्यांच्या दारात गेला. काका म्हणाले, "मले दिसत नाही आता. वय झालं." तो आला आणि मला सांगून गेला, "सर, तुमी म्हनत होते ते खरं निघालं."

रस्त्यात समोरासमोर आलो तर काका थांबत. "कसे हायेत सर? ताई बऱ्या?" आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणायचो, "बऱ्या आहेत." आणि पुढे जायचो. एकदाही मी त्यांना घरी या म्हटलं नाही. पुढच्या वर्षी मुलगी त्यांना चिखलीला घेऊन गेली.

अक्का नऊ वर्षं जगली. आम्ही दोघांनी त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. प्रिंटर मी बदलला. शेवटच्या आजारपणात ती एकदा म्हणाली, "तो कंडक्टर मानूस चांगला होता," आणि भिंतीकडे तोंड केलं. आता ती नाही, म्हणून मी हे लिहू शकतो. याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला कळतं.

अक्का जायच्या आधीच काका गेले होते. बातमी उशिरा कळली. चिखलीला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, मी गेलो. का गेलो, सांगता येत नाही. मागे बसून निघून यायचं ठरवलं होतं. बुद्धवंदना झाली, दोन-चार जण बोलले, आणि सूत्रसंचालन करणारी बाई माईकवरून म्हणाली, "काकांच्या गावचे सर आलेले आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी तिला ओळखलं नव्हतं. चष्मा लागला होता, अंगाने भरली होती. प्रज्ञा.

मी बोललो. काका प्रामाणिक होते, म्हणालो. निरीक्षण फार बारीक होतं, म्हणालो. लोक माना डोलवत होते. समोर काकांचा फोटो होता, गणवेशातला, तरुणपणचा. मी त्याच्याकडे न पाहता बोललो आणि खाली उतरलो.

जेवण न करता निघत होतो तर ती मागे धावत आली. "सर, असं कसं? चला, मी स्टँडवर सोडतो तुमाले." तिच्या स्कूटीवर मागे बसलो. चिखलीत तिचं मोठं दुकान आहे, दोन मुली कामाला आहेत, असं सांगत होती. नवरा शिक्षक आहे. काका रोज दुपारी तिच्या दुकानात येऊन बसत, असंही म्हणाली.

"तुमचं नाव नेहमी काढत. म्हनत, सर चांगले हायेत, मानूस एकटा पडला की त्याचं काही चालत नाही."

स्टँडवर गाडी लागलेली होती. मी उतरलो. तिने स्कूटी बाजूला लावली, हेल्मेट काढलं, आणि खालच्या आवाजात विचारलं,

"सर, एक सांगता का? त्या बैठकीत काका म्हनले होते, ज्यानं सांगाचं ते सांगतीन. मी किती वेळा विचारलं त्यांले. मरेपर्यंत सांगितलं नाही. आता मले कोनाचं काही करायचं नाही. फक्त माहीत असावं वाटते. माही आई ते मनात घेऊनच गेली. तुमाले माहीत असन. कोन होतं हो ते?"

कंडक्टरने बेल दिली. मी गाडीची दांडी धरली.

"नाही बाई," मी म्हणालो. "मला काही माहीत नाही."

खिडकीशी बसून पाहिलं तर ती तिथेच उभी होती. पाहुण्याची गाडी हलेपर्यंत निघायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. गाडी हलली तेव्हा तिने हात जोडले.